डोकं दुखतंय? आधी नाव लावा, मग गोळी घ्या

“पित्त झालंय, डोकं चढलंय.” मराठी घरात हे वाक्य इतकं सवयीचं आहे की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. उलटी झाली, डोकं उतरलं, म्हणजे पित्तच होतं, असा साधा हिशोब. पण डोक्याच्या एका बाजूला ठोके, उजेड नको, आवाज नको, मळमळ आणि उलटीनंतर हलकं वाटणं, हे वर्णन अर्धशिशीचं, म्हणजेच मायग्रेनचं आहे. यात उलटी हा आजाराचाच भाग असतो, त्याचं कारण नव्हे. अटॅक सुरू झाला की जठराची हालचाल मंदावते, अन्न पोटातच पडून राहतं, आंबट पाणी वर येतं आणि सगळा दोष रात्रीच्या मिसळीवर जातो. मग ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू राहते आणि डोकं महिन्यातून चार वेळा दुखतच राहतं.

डोकेदुखीचं निदान बहुतेक वेळा यंत्रातून निघत नाही, रुग्णाच्या सांगण्यातून निघतं. त्यामुळे नीट सांगता येणं हाच उपचाराचा पहिला भाग. पुढचं सगळं प्रौढांसाठी आहे. लहान मुलं आणि गरोदर बायकांचं शेवटी वेगळं दिलं आहे.

## १. आधी हे तपासा: थांबून चालणार नाही अशी डोकेदुखी

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८.

- एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेलं दुखणं. “डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं” असं लोक सांगतात. मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. सुरुवातीची वेळ घड्याळात बघून लक्षात ठेवा, कारण सीटी पहिल्या सहा तासांत सर्वांत भरवशाचा असतो. उशीर झाला असेल तर सीटी स्वच्छ आला तरी पाठीतलं पाणी तपासावं लागू शकतं. त्याला घाबरून घरी निघून येऊ नका.
- तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, एकाचं दोन दिसणं, फिट येणं, गुंगी.
- ताप आणि आखडलेली मान. क्षयरोगाचा मेंदूज्वर मात्र असा एकदम येत नाही. बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या आणि वाढती सुस्ती दोन-तीन आठवडे हळूहळू चढत जाते. “व्हायरल लांबलाय” म्हणून नेमका हाच आजार निसटतो.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. त्यातही केस विंचरताना कानशील दुखत असेल किंवा भाकरी चावताना जबडा भरून येत असेल, तर कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी करा. उपचार लांबला तर दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.
- बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतली नवी, वाढत जाणारी डोकेदुखी. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. साध्या सीटीत ती सुटते. त्यासाठी एमआरआयसोबत व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचं चित्रण, हवं, आणि ते कागदावर लिहून घ्यावं लागतं. ओली बाळंतीण आहे, वारं लागलं असेल, असं म्हणून दिवस घालवू नका.
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्या माणसाची नवी डोकेदुखीही यातच धरा.
- खोकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारं दुखणं, उठताना क्षणभर डोळ्यांपुढे काळोख येणं. यात डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा.
- लाल, दुखरा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत वलयं. हा अचानक चढलेला काचबिंदू असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

## २. चार आठवडे नोंद ठेवा

मोबाइलचं ॲप चालेल, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोन सगळ्यांत टिकतो. रोज लिहायचं; दुखलं नाही त्या दिवशी नुसती फुली. नोंद अशी असावी:

*“१४. पहाटे ५ ला जाग, डावं कानशील, ठोके, ७/१०. जिना चढताना वाढलं. ६.१० ला नॅप्रोक्सेन ५००. ७.३० ला उलटी. दुपारी २ ला उतरलं. काल रात्री १ ला झोप, पाळीचा दुसरा दिवस.”*

एवढ्या चार ओळींत डॉक्टरांच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आली: किती वेळ, कुठे, कसं, हालचालीने वाढतं का, गोळी किती वाजता आणि तिचं काय झालं.

महिनाअखेर तीन आकडे काढा: डोकं दुखलेले दिवस, गोळी घेतलेले दिवस, काम किंवा शाळा-कॉलेज बुडालेले दिवस. लोक फक्त वाईट दिवस लिहितात आणि “थोडं जड होतं” ते दिवस सोडून देतात. तेही मोजा. महिन्याला ४ दिवस आणि महिन्याला १८ दिवस यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

## ३. नाव लावा

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२०१८ ची तिसरी आवृत्ती) डोकेदुखीचे शंभरावर प्रकार आहेत. रोजच्या व्यवहारात तीन ओळखता आले तरी बरंच काम होतं.

मायग्रेन. उपचाराविना ४ ते ७२ तास टिकतं. बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखं, मध्यम ते तीव्र, चालण्या-फिरण्याने वाढणारं; या चारांतली किमान दोन लक्षणं हवीत. सोबत मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. असे किमान पाच अटॅक झाले की नाव पक्कं. दोन्ही बाजूंना दुखतं म्हणून मायग्रेन नाही, असं मात्र समजू नका. काहींना आधी ५ ते ६० मिनिटं डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा बोटांपासून तोंडापर्यंत मुंग्या सरकत जातात. याला ऑरा म्हणतात. ऑरा असणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळी लिहून देणाऱ्याला हे आपणहून सांगा, कारण ते नेहमी विचारलं जातंच असं नाही.

ताणाची डोकेदुखी. डोक्याला घट्ट फडकं बांधल्यासारखी, दोन्हीकडे, सौम्य ते मध्यम. अर्ध्या तासापासून आठवडाभर टिकते. माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. उलटी नसते.

क्लस्टर. पुरुषांत जास्त. एकाच डोळ्यामागे असह्य कळ, १५ मिनिटं ते ३ तास. त्याच बाजूचा डोळा लाल आणि पाणावलेला, त्याच बाजूची नाकपुडी वाहते किंवा चोंदते. मायग्रेनवाला अंधारात निपचित पडतो. हा माणूस येरझाऱ्या घालतो, डोकं भिंतीवर आपटतो. आठवडे-महिने रोज ठरावीक वेळी, अनेकदा मध्यरात्री येतं आणि मग गायब होतं. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी आहे. ऑक्सिजनची पिशवी असलेल्या मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर, बसून, १५ मिनिटं, हा पहिला उपाय आहे. नाकातल्या साध्या नळीने दिलेला २ लिटर ऑक्सिजन काही करत नाही, आणि कॅज्युअल्टीत नेमकं तेच होतं.

गालावर किंवा हिरडीत दात घासताना, दाढी करताना विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ येत असेल, तर ती डोकेदुखी नव्हे, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे. दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

आता तीन चुकीची नावं.

*सायनस.* २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात “मला सायनसची डोकेदुखी आहे” म्हणणाऱ्या २,९९१ लोकांपैकी ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या गटात बसलं. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, कपाळ आणि गाल दुखतात. पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं, यांतलं काहीच नसेल तर वाफारे घेत बसण्यात अर्थ नाही.

*चष्म्याचा नंबर.* नंबर वाढल्याने वाचल्यानंतर डोळे ओढतात, कपाळ जड होतं. उलट्यांसह डोकं फुटत नाही. डोळे जरूर तपासा, पण नवा चष्मा लागूनही दोन महिन्यांनी तेच चालू असेल तर कारण दुसरीकडे आहे.

*बीपी.* १५०/९० ने डोकं दुखत नाही. बीपीमुळे डोकं दुखायला ते साधारण १८०/१२० च्या घरात जावं लागतं. उलट डोकं दुखत असताना मोजलेलं बीपी दुखण्यामुळेच वाढलेलं असू शकतं. दुखत नसेल त्या दिवशी पुन्हा मोजा.

## ४. गोळी: लवकर आणि पूर्ण मात्रेत

सर्वांत जास्त चूक इथे होते. “बघू, आपोआप थांबतंय का” म्हणत तीन तास काढायचे, मग अर्धी गोळी आणि मग “गोळ्या लागूच पडत नाहीत”. जठर थंडावल्यावर गेलेली गोळी आतड्यापर्यंत पोचतच नाही. दुखणं सौम्य असतानाच, शक्यतो पहिल्या तासात, पूर्ण मात्रा घ्या:

- पॅरासिटामॉल १,००० मिग्रॅ (५०० च्या दोन). २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याहून बरंच कमी, डॉक्टरांना विचारून.
- आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिग्रॅ, काहीतरी खाऊन. किडनीचा आजार, जठरातला व्रण, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा या गोळ्यांनी उठणारा दमा असेल तर नाही.
- मळमळ असेल तर सोबत डोम्पेरिडोन १० मिग्रॅ, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी.

पाकिटावरचं मोठं नाव सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असतंच. त्यावर क्रोसिन आणि सर्दीची एक गोळी घेतली की पॅरासिटामॉल तीन ठिकाणांहून जातं.

पावसाळ्यात एक वेगळा नियम. ताप, अंगदुखी आणि डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डिस्प्रिन (ॲस्पिरिन), आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) विचार व्हायला हवा. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

साध्या गोळ्यांनी तीन अटॅकमध्ये भागलं नाही तर पुढची पायरी ट्रिप्टान या गटातली मायग्रेनची गोळी: सुमाट्रिप्टान ५० मिग्रॅ किंवा रायझाट्रिप्टान १० मिग्रॅ, चिठ्ठीवरच. ऑरा चालू असताना घ्यायची नाही, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायची. फरक पडून दुखणं परत आलं तर दोन तासांनी दुसरी चालते. पहिलीने काहीच झालं नाही तर त्याच अटॅकला दुसरीही वाया जाते. छाती-मान काही मिनिटं आवळल्यासारखी वाटू शकते. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान वर्ज्य. मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रायझाट्रिप्टानची मात्रा निम्मी, ५ मिग्रॅ.

आपल्याकडे अजून भरपूर खपणारं औषध म्हणजे अर्गोटामिन-कॅफिनची मिश्र गोळी. ट्रिप्टान घेतल्याच्या २४ तासांत ती घ्यायची नाही आणि गरोदरपणात मुळीच नाही. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन चालू असताना ती घेतली तर हातापायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आकसू शकतात की बोटं काळी पडतात. दुकानदाराला दोन्ही औषधं एकत्र दिसत नाहीत, कारण ती दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर असतात. हे तुम्हालाच बघावं लागेल.

## ५. गोळीनेच होणारी डोकेदुखी

महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ गोळ्या चालू आहेत, असं असेल तर गोळीवरच संशय घ्या. मर्यादा अशा: साधं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे महिन्याला १५ पेक्षा कमी दिवस; ट्रिप्टान, अर्गोटामिन, कोडीन-ट्रामाडॉल आणि सॅरिडॉनसारख्या दोन-तीन औषधांच्या मिश्र गोळ्या १० पेक्षाही कमी दिवस. गोळ्यांची संख्या मोजायची नाही, दिवस मोजायचे. रोज अर्धी घेणारा माणूस “मी तर अर्धीच घेतो” म्हणतो, पण त्याचे तीसही दिवस भरलेले असतात. हीच गोळी गुडघ्यासाठी घेतली तरी ती मोजणीत धरायची.

सोपा नियम: आठवड्यात दोनच दिवस.

बाहेर पडायचा मार्ग म्हणजे ती गोळी थांबवणं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, ट्रिप्टान एकदम बंद करता येतात. कोडीन, ट्रामाडॉल किंवा झोपेची गोळी मात्र डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा वाईट दुखतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण चौथ्या दिवशी हार मानतात. म्हणून घरात लग्न, परीक्षा किंवा मार्चअखेर नसेल असा आठवडा निवडा, आणि प्रतिबंधक औषध आधी किंवा त्याच दिवशी सुरू करून घ्या.

## ६. रोजची प्रतिबंधक गोळी

महिन्याला चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा दिवस कमी असूनही प्रत्येक अटॅक माणसाला आडवं करत असेल, तर ही हवी. ती दुखणं थांबवत नाही, पुढचे अटॅक कमी करते. पूर्ण मात्रेवर ८ ते १२ आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नका. दुखणारे दिवस निम्म्यावर आले तर औषध यशस्वी. शून्याची वाट बघणारे लोक चांगली चाललेली गोळी सोडून देतात.

- प्रोप्रॅनोलॉल: २० मिग्रॅ दिवसातून दोनदा, मग वाढवत. दमा किंवा मंद नाडी असेल तर नाही. एकदम बंद करू नका.
- ॲमिट्रिप्टिलिन: १० मिग्रॅपासून. झोपताना घेतली तर सकाळी डोकं जड राहतं. रात्री आठच्या सुमारास घ्या. ही “डिप्रेशनची गोळी” असल्याचं वाचून अनेक जण परस्पर बंद करतात. डोकेदुखीत तिची मात्रा त्याहून बरीच कमी असते आणि काम वेगळं.
- फ्लुनारिझिन: रात्री ५ किंवा १० मिग्रॅ. वजन वाढतं, मन खिन्न होऊ शकतं, वयस्कर माणसात हात कापतात. सहा महिन्यांपुढे तीच चिठ्ठी दुकानात दाखवत राहू नका.
- टोपिरामेट: २५ मिग्रॅपासून आठवड्याला वाढवत. बोटांना मुंग्या, शब्द न आठवणं, मूतखडा. पाणी भरपूर प्या. मूल होण्याची शक्यता असेल तर टाळावी.
- व्हॅल्प्रोएट: मूल होण्याच्या वयातल्या बायकांना मायग्रेनसाठी देऊ नये. गर्भावर गंभीर परिणाम होतात.

महिन्याला १५ किंवा जास्त दिवस आणि त्यातले किमान ८ मायग्रेनचे असतील तर दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सची ३१ छोटी इंजेक्शनं हा पर्याय आहे. सीजीआरपी नावाचं रसायन अडवणारी महिन्याची इंजेक्शनं २०१८ पासून आली. गुणकारी आहेत, खिशाला जड आहेत.

## ७. घड्याळ, उपवास, चहा, न्हाणं

मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाही. उशिरा झोपणं चुकतं, तसं रविवारी दहापर्यंत लोळणंही चुकतं. निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवारी रात्री नऊला सोडलेला उपवास, हे नोंदवहीत हमखास उमटतात. उपवास करायचाच असेल तर दर तीन तासांनी दूध, शेंगदाणे, राजगिरा घ्या. सकाळपासून काही नाही आणि दुपारी एकदम बशीभर साबुदाणा, असं नको.

दिवसाला सहा कप चहाची सवय असेल आणि एक दिवस चहा चुकला, तर १२ ते २४ तासांत डोकं धरतं. ते कॅफिन सुटल्याचं दुखणं आहे. चहा कमी करायचा तर दोन दिवसांनी एक कप या बेताने.

डोक्यावरून न्हाल्यावर दुखणं हे खास आपल्याकडचं कारण. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. तुमच्या नोंदीत हे दिसत असेल तर न्हायचा दिवस उपवासाचा किंवा प्रवासाचा ठेवू नका.

बाम लावा, डोकं दाबून घ्या, हरकत नाही. पण सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून घेऊ नका. मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

## ८. डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनपासून करा. न्यूरॉलॉजिस्ट तेव्हा, जेव्हा दोन प्रतिबंधक औषधं पूर्ण मात्रेत फसली आहेत, गोळ्यांचा अतिरेक सुटत नाही, क्लस्टरचा संशय आहे किंवा निदानच लागत नाही. पिशवीत हे घ्या:

- किमान चार आठवड्यांची नोंद आणि ते तीन आकडे
- घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आयुर्वेदिक, होमिओपॅथी आणि झोपेच्या गोळ्याही
- आधी घेतलेल्या औषधांची यादी: नाव, मात्रा, किती आठवडे, का सोडलं
- घरी मोजलेल्या बीपीचे आकडे, चष्म्याचा नंबर
- पाळीच्या तारखा, गर्भनिरोधक गोळीचं नाव
- जुन्या स्कॅनची फिल्म किंवा सीडी, नुसता रिपोर्ट नको
- सरकारी रुग्णालयात जुना केसपेपर आणि आधार कार्ड

टॉर्चसारख्या यंत्रातून डोळ्याचा पडदा बघितला गेला नसेल तर विनंती करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि कवटीतला वाढलेला दाब त्यात दिसतो.

एमआरआयचा आग्रह धरू नका. दुखणं वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेचं असेल, पहिल्या भागातलं काही नसेल आणि तपासणी स्वच्छ असेल, तर स्कॅनमधून बहुधा काही निघत नाही. निघतात ते बारीक पांढरे ठिपके, जे मायग्रेनवाल्यांत सर्रास असतात, आणि मग त्या ठिपक्यांच्या काळजीने झोप उडून आणखी डोकं दुखतं.

## ९. गरोदर बायका आणि मुलं

गरोदरपणात पॅरासिटामॉल हीच पहिली गोळी. विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन टाळा. त्याच काळात नवी डोकेदुखी आली तर आधी बीपी मोजा. १४०/९० किंवा वर असेल, सोबत डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीखाली, वरच्या पोटात दुखणं असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

मुलांचं मायग्रेन दोन तासांतही संपतं, बहुधा दोन्ही बाजूंना असतं आणि मूल झोपून उठलं की खेळायला लागतं. म्हणून “शाळा बुडवायचं नाटक” असा शिक्का बसतो. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे द्या. सोळा वर्षांखाली ॲस्पिरिन नाही, म्हणजे घरातली डिस्प्रिन अर्धी करूनही नाही. पहाटे दुखण्याने जाग येणं, सकाळच्या उलट्या, चालताना तोल जाणं किंवा नव्याने तिरळं बघणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.